वापरून बघा, मग पैसे पाठवा

ठरवून दिलेली वेळ झाली की नेमून दिलेले काम आपोआप उरकणारा प्रोग्रॅम, म्हणजे शेड्युलर, हा डेस्कटॉप संगणकासाठी विकत मिळणाऱ्या मालात पारखायला सर्वांत अवघड माल आहे. चित्रे काढण्याचा किंवा पत्रे लिहिण्याचा प्रोग्रॅम अर्ध्या तासात आवडतो किंवा नावडतो. शेड्युलर तेवढ्या वेळात कळत नाही, कारण त्याचे खरे काम मालक खुर्चीत नसताना चालते. रात्रीच्या पहारेकऱ्याची पारख दिवसा होत नाही, तसेच हे आहे. पडद्यावर यादी सुबक दिसते, वेळ भरायची चौकट सोपी वाटते, 'आत्ता चालवून बघा' हे बटण दाबले की काम होतेही. पण पहाटे दोन वाजता, संगणक अर्धवट झोपेत असताना, आदल्या दिवशी पासवर्ड बदललेला असताना आणि मधे एकदा वीज गेलेली असताना तेच काम होईल का, हे त्या बटणावरून समजत नाही. म्हणून 'आधी वापरा, मग पैसे द्या' ही सॉफ्टवेअरच्या बाजारातली चाल या मालाला जितकी गरजेची होती तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला असेल. माझे म्हणणे असे की आज आपण जी तीस दिवसांची चाचणी मुदत स्वाभाविक समजतो, ती त्या मूळ चालीचे उशिरा आलेले आणि आखडलेले रूप आहे, आणि ती आखडताना ग्राहकाचे नेमके काय गेले हे शेड्युलरच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसते.

वेळेवर काम करून घेण्याची कल्पना डेस्कटॉपपेक्षा जुनी आहे. मोठ्या संस्थांच्या संगणकांवर रात्रपाळीचे ऑपरेटर कामांची यादी हाती घेऊन बसत, आणि पुढे ती यादी यंत्राकडेच सोपवली गेली. या परंपरेतला सर्वांत टिकाऊ नमुना म्हणजे युनिक्सवरचा क्रॉन. १९७९ साली बेल लॅब्जमधून बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो होता, आणि त्याचे श्रेय ब्रायन कर्निघन यांना दिले जाते. त्याची रचना अगदी साधी होती. दर मिनिटाला जागे व्हायचे, एका फाइलमधली यादी वाचायची, मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार हे पाच रकाने जुळले की पुढे लिहिलेली आज्ञा चालवायची आणि पुन्हा झोपायचे. पर्ड्यू विद्यापीठात रॉबर्ट ब्राउन यांनी अनेक वापरकर्त्यांसाठी त्याच कल्पनेची अधिक काटकसरी मांडणी केली, आणि १९८७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी लिहिलेला क्रॉन पुढे जगभर पसरला. या सगळ्यात एक गोष्ट गृहीत होती, ती म्हणजे यंत्र कधी बंद होत नाही आणि त्याची काळजी घ्यायला जाणकार माणूस नेमलेला आहे. क्रॉन कोणी वेगळा विकत घेत नव्हते, कारण तो यंत्रासोबत आणि त्या माणसासोबत यायचा.

डेस्कटॉपवर ही दोन्ही गृहीतके कोसळली. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीला तर बॅटरीवर चालणारे घड्याळच नव्हते. यंत्र सुरू केले की डॉस आजची तारीख आणि वेळ विचारायचा, आणि उत्तर न देता एंटर दाबले तर यंत्राच्या लेखी १ जानेवारी १९८० उजाडलेला असायचा. आज कोणती तारीख आहे हेच ज्या यंत्राला ठाऊक नाही, त्याला महिन्याच्या एक तारखेला पगारपत्रक छापायला सांगण्यात अर्थ नव्हता. एएसटी कंपनीच्या सिक्सपॅक प्लससारखी जादा कार्डे लोक विकत घेत त्यामागे अधिक मेमरीबरोबर त्यावरचे घड्याळ हेही कारण होते. १९८४ च्या पीसी एटीमध्ये घड्याळ यंत्राचाच भाग झाले. दुसरी अडचण डॉसची होती. तो एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवी. वेळेवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम चालू ठेवायचा तर तो मेमरीच्या कोपऱ्यात दडवून ठेवावा लागे, आणि असे दोन-तीन दडलेले प्रोग्रॅम एकमेकांच्या पायात पाय घालून यंत्र ठप्प करत.

या अडचणी असूनही डेस्कटॉपवर वेळापत्रकाने काम चालवण्याची सवय एका विशिष्ट वर्गात लवकर रुजली, आणि तिचा या कथेशी थेट संबंध आहे. हा वर्ग म्हणजे घरच्या संगणकाला मोडेम लावून बुलेटिन बोर्ड चालवणारे हौशी लोक. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत टॉम जेनिंग्ज यांनी अशा बोर्डांना जोडणारे फिडोनेट हे जाळे सुरू केले. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या फोनचे दर रात्री कमी होत, म्हणून फिडोनेटवरचे संगणक रात्रीचा एक ठरलेला तास फक्त एकमेकांची टपाल उचलण्यासाठी राखून ठेवत. मालक झोपलेला असताना त्याचे यंत्र त्या तासाला सदस्यांचे फोन घेणे थांबवी, दुसऱ्या शहरातल्या यंत्राला फोन लावी, निरोपांची देवाणघेवाण करी आणि तास संपला की पुन्हा नेहमीच्या कामाला लागे. त्या तासात एखादे यंत्र गोठले तर सकाळी टपाल नसे, आणि का नाही हे शोधायचे काम मालकाचे असे. शेड्युलर विश्वासाचा आहे की नाही हे त्यांना अनुभवातूनच कळत होते. हेच बुलेटिन बोर्ड 'आधी वापरा' पद्धतीच्या, म्हणजे शेअरवेअर प्रोग्रॅमच्या वाटपाचेही मोठे केंद्र होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्या लोकांनी ही पद्धत वाढवली, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी रोज रात्री एक यंत्र मालकाशिवाय राबत होते.

त्या काळी बाकीचे सॉफ्टवेअर कसे विकले जायचे हे पाहिले की या पद्धतीचे धाडस समजते. दुकानातला प्रोग्रॅम सीलबंद खोक्यात यायचा, सील फोडले की परत घेणे नाही, आणि आत कॉपी होऊ नये म्हणून मुद्दाम बिघडवलेली फ्लॉपी. यामागे विक्रेत्यांची खरी भीती होती. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना लिहिलेल्या जाहीर पत्रात आल्टेअर यंत्राच्या मालकांपैकी १० टक्क्यांहूनही कमी लोकांनी त्यांचे बेसिक विकत घेतल्याची तक्रार केली होती. त्यावर बहुतेक धंद्याने काढलेला निष्कर्ष असा की ग्राहकाच्या हाती माल पैशाआधी पडता कामा नये. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टिब्युरॉन गावी राहणाऱ्या अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी नेमका उलटा निष्कर्ष काढला. त्यांनी पीसी-टॉक हा फोनवरून संगणक जोडणारा प्रोग्रॅम लिहिला होता. प्रेक्षकांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालणाऱ्या सार्वजनिक दूरचित्रवाणीचा नमुना समोर ठेवून त्यांनी ठरवले की प्रोग्रॅम कोणीही घ्यावा, कोणालाही द्यावा आणि उपयोगी पडला तर पैसे पाठवावेत. परोपकारापेक्षा हा अर्थशास्त्रातला प्रयोग आहे, असे ते स्वतः म्हणत. त्याच सुमारास आयबीएममध्ये नोकरी करणारे जिम नॉफ पीसी-फाइल हा माहिती साठवण्याचा प्रोग्रॅम वाटत होते. तो इतक्या हातांत गेला की सुधारित आवृत्ती कोणाला पाठवावी हेच त्यांना कळेना, म्हणून त्यांनी प्रोग्रॅममध्येच लिहिले की आवडला असेल तर थोडे पैसे पाठवा, मी तुमचे नाव यादीत घालतो. म्हणजे वापर आधी, खरेदी मागाहून हा क्रम नॉफ यांच्यापुढे व्यवहारातूनच उभा राहिला होता.

बॉब वॉलेस यांनी या क्रमाला पूर्ण रूप दिले. मायक्रोसॉफ्टचे नववे कर्मचारी असलेल्या वॉलेस यांनी १९८३ मध्ये ती नोकरी सोडून क्विकसॉफ्ट काढली आणि पीसी-राइट हा लेखनाचा प्रोग्रॅम वाटायला सुरुवात केली. ७५ डॉलर भरून नोंदणी केली की छापील पुस्तिका आणि मदत मिळे, शिवाय आपल्या क्रमांकाची प्रत पुढे दिली आणि तिच्यावरून कोणी नोंदणी केली तर २५ डॉलर परत मिळत. ग्राहकाने केलेली कॉपी ही चोरी नसून वितरण आहे, हे या हिशोबातून मान्य झाले. मुदतीचा तर यात प्रश्नच नव्हता. प्रोग्रॅम पूर्ण होता, काही कुलूपबंद नव्हते आणि निर्णय कधी करायचा हे वापरणाऱ्याच्या हाती होते. शेड्युलर घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर यापेक्षा योग्य रचना सुचणार नाही. ज्याचे काम महिनाअखेरीला येते त्याने दोन-तीन महिनाअखेरी पाहाव्यात. अमेरिकेत आणि युरोपात घड्याळ वर्षातून दोनदा एक तास पुढे-मागे होते, तेव्हा एका रात्री पहाटेचा एक तास येतच नाही आणि दुसऱ्या रात्री एक तास दोनदा येतो. त्या दोन रात्री काम एकदाच होते का, दोनदा होते की अजिबात होत नाही, हे पाहायला कित्येक महिने लागतात. व्हिक्सी यांच्या क्रॉनच्या पुढच्या आवृत्त्यांना या दोन रात्रींसाठी वेगळी सोय करावी लागली, यावरून हा प्रश्न कागदी नव्हता हे कळते.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. लोक पैसे पाठवतच नव्हते, तर मग या विश्वासाच्या व्यवहाराचे कौतुक कशाला? बहुसंख्य वापरणाऱ्यांनी पैसे दिले नाहीत हे खरेच आहे, आणि बहुतेक लेखकांच्या हाती किरकोळ रक्कम पडली हेही खरे. पण प्रश्न किती टक्के लोकांनी दिले हा नव्हता, दिलेल्या पैशात लेखकाचे भागते का हा होता. फ्लॉपीची प्रत आणि तिची वाटणूक वापरणाऱ्यांच्याच खर्चाने होत असल्याने लेखकाला जाहिरात, खोका, दुकानदाराचा हिस्सा यांपैकी काहीच सोसावे लागत नव्हते. नॉफ यांनी १९८४ मध्ये आयबीएमची नोकरी सोडली ती याच उत्पन्नाच्या बळावर. १९८७ मध्ये अशा लेखकांनी असोसिएशन ऑफ शेअरवेअर प्रोफेशनल्स ही संघटना काढली, ग्राहकाच्या तक्रारी ऐकायला तक्रारनिवारक नेमला आणि सदस्यांनी हातचे राखून केलेली, महत्त्वाचे भाग बंद ठेवलेली आवृत्ती वाटू नये असा नियम ठेवला. ज्या धंद्यात नुसते नुकसान आहे त्यात कोणी संघटना काढून स्वतःवर असे नियम लादून घेत नाही.

तरीही हा नियम टिकला नाही, आणि त्याचा दोष लेखकांच्या लोभावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. नव्वदच्या दशकात वाटपाचा मार्ग बदलला. मित्राने मित्राला दिलेल्या फ्लॉपीमागे ओळख होती, आणि संकेतस्थळावरून उतरवलेल्या फाइलमागे कोणी नव्हते. त्याच वेळी इंटरनेटवरून कार्डाने पैसे घेऊन लगेच नोंदणीचा सांकेतिक क्रमांक पाठवणे शक्य झाले. कॅलिफोर्नियातल्या कागीसारख्या संस्था छोट्या लेखकांसाठी ही वसुली करू लागल्या. पैसे देणे सोपे झाले तशी न देणाऱ्याला अडवण्याची यंत्रणाही सोपी झाली. आधी आठवण करून देणाऱ्या चौकटी आल्या, मग दिवस मोजणे आले, आणि तीस दिवस हा आकडा रूढ झाला. तीसच का, याचे उत्तर मालाच्या स्वभावात सापडत नाही. तो विक्रेत्याच्या सोयीचा आकडा होता. ग्राहक विसरण्याआधी त्याच्याकडून होकार किंवा नकार घ्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. लेखनाच्या प्रोग्रॅमला तीस दिवस भरपूर आहेत. दरमहा एकदा चालणाऱ्या कामासाठी तीस दिवसांत जेमतेम एक संधी मिळते, आणि ती पहिलीच संधी असल्याने ग्राहक त्या रात्री हमखास जागा राहून बघतो. म्हणजे मालक नसताना काय होते हे पाहायचेच राहून जाते.

दिवस मोजण्याची ही पद्धत चुकवण्याचा एक सर्वज्ञात उपाय होता, संगणकाचे घड्याळ मागे करणे. लेखकही मग पहिल्या वापराची तारीख रजिस्ट्रीत कुठेतरी लपवून ठेवू लागले. या झटापटीत शेड्युलरची जागा वेगळी आहे. इतर प्रोग्रॅम वापरणाऱ्याला घड्याळ मागे करून फार काही गमवावे लागत नव्हते, पण शेड्युलरच्या बाबतीत घड्याळ बिघडवले की कामेच चुकीच्या वेळी होतात. फसवणाऱ्याचा फायदा फसवणुकीतच बुडतो. ज्या प्रकारच्या प्रोग्रॅमला मुदतीच्या कुलपाची सर्वांत कमी गरज होती, त्यालाही सरसकट तेच कुलूप लागले, आणि त्याच्या स्वभावाचा विचार करून कोणी वेगळी चाचणी आखली नाही. जी वेगळी वाट काढली गेली ती मोफत आणि विकतची अशी दोन रूपे करण्याची. स्प्लिंटरवेअरच्या सिस्टिम शेड्युलरचे उदाहरण घ्या. त्याची साधी आवृत्ती मोफत आहे, तिच्यात वेळ ठरवता येते, प्रोग्रॅम चालवता येतो, आठवणी लावता येतात. पण कोणीही लॉग-इन केलेले नसताना विंडोजची सेवा म्हणून पार्श्वभूमीवर चालण्याची सोय विकतच्या आवृत्तीत आहे. विक्रेता म्हणून हा निर्णय चोख आहे, कारण धंद्यासाठी वापरणारा तिथेच ओळखू येतो. चाचणीच्या दृष्टीने मात्र याचा अर्थ असा की मोफत आवृत्ती वर्षभर वापरूनही विकतच्या आवृत्तीचा जो भाग खरा मोलाचा, त्याचा अनुभव ग्राहकाला येत नाही. तो पुन्हा मुदतीच्या चाचणीवरच अवलंबून राहतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विंडोजमध्येच शेड्युलर असताना वेगळा विकत घेण्याची गरजच काय? इथे कालक्रम नीट पाहायला हवा. विंडोज ९५ सोबत शेड्युलर नव्हता. तो सिस्टिम एजंट या नावाने प्लस! या वेगळ्या विकल्या जाणाऱ्या संचात होता, आणि मुख्यतः डिस्कची तपासणी व साफसफाई यांसाठी होता. १९९७ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ४ बरोबर आणि मग विंडोज ९८ मध्ये टास्क शेड्युलर सर्वांच्या हाती आला. त्याने साध्या गरजा भागवल्या यात शंका नाही, आणि केवळ 'रोज अमुक वाजता अमुक चालव' एवढेच करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची विक्री त्यामुळे आटली असणार. पण तो फुकट होता म्हणजे पारखलेला होता असे नाही. विंडोज एक्सपीमध्ये काम नोंदवताना खात्याचा पासवर्ड द्यावा लागे. पुढे पासवर्ड बदलला की ते काम मुकाट्याने बंद पडे. ज्या खात्याला पासवर्डच नाही, म्हणजे बहुतेक घरातले संगणक, तिथे काम मुळात चालतच नसे. काय झाले याची नोंद विंडोजच्या फोल्डरमधल्या एका मजकूर फाइलमध्ये पडे, आणि ती उघडून बघायची असते हे सामान्य माणसाला कोण सांगणार? संगणक बंद असताना टळलेले काम नंतर उरकण्याची सोय, ठरावीक घटना घडली की काम सुरू करण्याची सोय, सविस्तर इतिहास या गोष्टी विंडोज व्हिस्टात शेड्युलर नव्याने लिहिला गेला तेव्हा आल्या. युनिक्सच्या बाजूला हीच उणीव ॲनाक्रॉनने भरून काढली होती. तो वेळ न पाहता 'शेवटचे काम होऊन किती दिवस झाले' एवढेच पाहतो, आणि रात्री बंद होणाऱ्या यंत्रासाठी तेच योग्य आहे. विंडोजवर ही दरी १९९७ पासून व्हिस्टा येईपर्यंत जवळजवळ दहा वर्षे उघडी होती, आणि विकतचे शेड्युलर त्या दरीत जगले. काम फसले तर पुन्हा प्रयत्न करणे, फसल्याची ईमेल पाठवणे, एक काम संपल्यावरच दुसरे सुरू करणे, खिडकीतली बटणे माणसासारखी दाबणे, यांसाठी लोक पैसे देत होते. युनिसिनच्या ऑटोमेटसारखे प्रोग्रॅम इथूनच वाढून पुढे मोठ्या कचेऱ्यांत गेले.

भारतातल्या वापरकर्त्याकडे पाहिले तर या चालीची दुसरी बाजू उघडी पडते. इथे ती अर्धीच पोचली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईहून निघणारे चिप आणि त्याचेच पुढे झालेले डिजिट यांसारख्या मासिकांबरोबर येणाऱ्या सीडींवर शेअरवेअर प्रोग्रॅम भरभरून असत, आणि मंद मोडेमच्या काळात महाराष्ट्रातल्या अनेक घरांत सॉफ्टवेअर शिरण्याचा तोच एक सरळ मार्ग होता. वापरून बघणे सहज झाले, पण पैसे पाठवणे नाही. फेरा कायदा जाऊन जून २००० पासून फेमा लागू होईपर्यंत परकीय चलनावर कडक बंधने होती, परदेशात चालणारे कार्ड फारच थोड्यांकडे होते, आणि २५ किंवा ३० डॉलर ही रक्कम अमेरिकन पगाराच्या मापाने ठरलेली होती. इथल्या माणसाने पैसे दिले नाहीत याचा अर्थ त्याने माल नाकारला असा होत नाही, आणि त्याला सरसकट चोर म्हणणेही बरोबर नाही. विश्वासाच्या व्यवहाराला दोन्ही टोकांना मोकळा रस्ता लागतो. एक टोक बंद असताना त्या व्यवहाराचे यशापयश मोजता येत नाही. गेट्स यांच्या पत्रातल्या टक्केवारीवरून साऱ्या जगाच्या ग्राहकाचा स्वभाव ठरवणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घेतलेली दिसत नाही.

आता विक्रेत्यांकडे जुन्या, मुदत नसलेल्या विश्वासावर परत या अशी मागणी मी करणार नाही. तो विश्वास ओळखीच्या माणसांच्या जाळ्यावर उभा होता आणि ते जाळे राहिलेले नाही. पण मुदत दिवसांतच मोजावी असे कुठल्याही कायद्यात लिहिलेले नाही. शेड्युलरने आपण किती वेळा ठरल्या वेळी काम केले याची नोंद ठेवलेलीच असते. चाचणी त्या नोंदीवर चालवता येईल. अमुक इतकी कामे मालकाच्या अनुपस्थितीत पार पडेपर्यंत, दोन महिनाअखेरी उलटेपर्यंत आणि निदान एक टळलेले काम यंत्र परत सुरू झाल्यावर उरकले जाईपर्यंत पूर्ण प्रोग्रॅम खुला ठेवता येईल. रोज काम घेणारा कारखाना ही मुदत दोन-अडीच महिन्यांत संपवील आणि पैसे भरील, तर महिन्यातून एकदाच काम घेणाऱ्या छोट्या दुकानाला कदाचित सहा महिने मिळतील. विक्रेत्याचे यात जाते ते फार थोडे, कारण ज्याची कामे नीट पार पडत आहेत तो ग्राहक असा प्रोग्रॅम काढून टाकत नाही.